तारांखालची झाडे आणि लांबणीवर पडलेला खर्च

विजेच्या उच्चदाब वाहिन्यांलगतची झाडे छाटण्यासाठी हेलिकॉप्टरला टांगलेली करवत वापरण्याची पद्धत अमेरिकेत १९८० च्या दशकापासून रूढ होत गेली. एकच वैमानिक बसलेल्या लहानशा हेलिकॉप्टरच्या पोटाखाली सुमारे नव्वद ते शंभर फुटांचा, तुकडे सांधून केलेला ॲल्युमिनियमचा दांडा लोंबत असतो. त्याच्या खालच्या भागात एकाखाली एक अशा आठ-दहा गोल करवती बसवलेल्या असतात. प्रत्येकीचा व्यास सुमारे दोन फूट. त्या फिरवण्यासाठी त्याच सांगाड्यावर वेगळे इंजिन असते. वैमानिक हा सारा पसारा घेऊन वाहिनीला समांतर असा झाडांच्या कडेने वरखाली फिरतो आणि लाकडावर रंधा मारावा तशी झाडांची तारांकडची बाजू सरळ कापली जाते. मागाहून जमिनीवरचे मजूर पडलेल्या फांद्या आवरीत येतात. डोंगरउतार, दलदल, रस्ता नसलेले अरण्य अशा ज्या जागी शिडी किंवा मालमोटार पोचत नाही, तेथेही हे यंत्र पोचते. पायी टोळीला जे अंतर कापायला अनेक दिवस लागतात, ते एका दिवसात उरकते.

या यंत्राकडे पाहणाऱ्यांच्या मनात सामान्यतः दोन प्रतिक्रिया उमटतात. काहींना त्यात मानवी कल्पकतेची कमाल दिसते, तर काहींना निसर्गावरचा निर्घृण हल्ला. दोन्ही प्रतिक्रिया समजण्याजोग्या आहेत. परंतु दोन्हींमुळे मूळ प्रश्नाला बगल मिळते. करवत आकाशातून यावी की माणसाच्या हातातून, हा दुय्यम प्रश्न होय. वाहिनी उभारल्यानंतर तिच्याखालची जमीन वर्षानुवर्षे राखण्याचा खर्च कोणी करावयाचा, केव्हा करावयाचा आणि तो टाळल्यास त्याची किंमत कोणाकडून वसूल व्हावयाची, हा खरा प्रश्न आहे. तो अभियांत्रिकीचा असल्यासारखा भासतो. वस्तुतः तो अर्थशास्त्राचा आणि सार्वजनिक जबाबदारीचा आहे.

एका फांदीचे सामर्थ्य

झाडाची फांदी आणि शेकडो मैलांवरच्या शहरातला अंधार यांचा संबंध प्रथमदर्शनी कळत नाही. तारेतून वाहणारा प्रवाह वाढला की तार तापते. तापली की तिचा धातू प्रसरण पावतो आणि दोन मनोऱ्यांमधला तिचा झोल वाढतो. उन्हाळ्याच्या दुपारी विजेची मागणी शिगेला पोचलेली असते, हवा तापलेली आणि वारा पडलेला असतो. नेमक्या त्याच वेळी तार अधिकाधिक खाली येते. उच्च दाबाच्या वाहिनीला फांदीचा स्पर्श व्हावा लागत नाही. अंतर पुरेसे कमी झाले की हवेतूनच ठिणगी उडी घेते आणि प्रवाह झाडावाटे जमिनीत जातो. संरक्षक यंत्रणा तत्क्षणी ती वाहिनी बंद करते. बंद पडलेल्या वाहिनीचा भार शेजारच्या वाहिन्यांवर जातो, त्या अधिक तापतात, अधिक झुकतात, आणि त्यांच्याखालीही वाढलेली झाडे असतील तर संकटांची साखळीच सुरू होते.

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यात हेच घडले. फर्स्टएनर्जी या वीजकंपनीच्या ३४५ किलोव्होल्टच्या तीन वाहिन्या दुपारी ३ वाजून ५ मिनिटे, ३ वाजून ३२ मिनिटे आणि ३ वाजून ४१ मिनिटे या वेळांना एकापाठोपाठ एक बंद पडल्या. तिन्हींचे तात्कालिक कारण एकच होते: वाहिनीच्या पट्ट्यात वाजवीपेक्षा जास्त वाढलेली झाडे. त्यांतल्या पहिल्या वाहिनीवर त्या क्षणी तिच्या क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी भार होता, ही बाब विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. वाहिनी थकली म्हणून पडली नाही, झाड वाढले म्हणून पडली. त्यातच कंपनीच्या नियंत्रण कक्षातील धोक्याची सूचना देणारी संगणक-यंत्रणा त्याआधीच बंद पडली होती आणि कर्मचाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. चार वाजून गेल्यानंतर अवघ्या काही मिनिटांत न्यूयॉर्कपासून कॅनडातील ओंटारियोपर्यंतच्या मुलखात काळोख पसरला. सुमारे पाच कोटी लोकांना त्याची झळ पोचली. ६१,८०० मेगावॅटचा भार तुटला. एकट्या अमेरिकेचे नुकसान चार ते दहा अब्ज डॉलरांच्या घरात गेल्याचा अंदाज वर्तवण्यात आला. अमेरिका आणि कॅनडा यांच्या संयुक्त चौकशी पथकाने एप्रिल २००४ मध्ये सादर केलेल्या अंतिम अहवालात ज्या मोजक्या कारणांवर बोट ठेवले, त्यांत झाडांच्या वाढीकडे झालेले दुर्लक्ष हे एक ठळक कारण होते.

हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. १९९६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पश्चिम भागात दोनदा मोठा वीजपुरवठा कोसळला, तेव्हाही आरंभी झाडाशी जुळलेल्या वाहिन्या होत्या. २८ सप्टेंबर २००३ च्या पहाटे स्वित्झर्लंडमधल्या लुकमानियर वाहिनीवरून झाडाकडे ठिणगी गेली आणि त्यातून सुरू झालेल्या घटनाक्रमात सार्डिनिया बेट वगळता जवळजवळ सगळा इटली देश अंधारात बुडाला. अब्जावधींची वीजकेंद्रे, संगणक, तज्ज्ञ आणि आंतरराष्ट्रीय करार यांना एका दुर्लक्षित झाडाने नमवावे, यातला उपरोध वेगळा सांगावयास नको.

काही घडले नाही, याची किंमत

सर्वांना ठाऊक असलेली ही साधी छाटणी वेळेवर का होत नाही? ओहायोच्या त्या कंपनीने पाच वर्षांनी एकदा छाटणी करण्याचे चक्र ठेवले होते आणि ते त्या धंद्यातील प्रचलित प्रथेला धरूनच होते. म्हणजे कंपनीची बेफिकिरी अपवादात्मक नव्हती. ती सर्वमान्य होती. अशा सर्वमान्य बेफिकिरीचे मूळ माणसांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा हिशेबाच्या पद्धतीत शोधणे अधिक फलदायी ठरते.

देखभालीचे फळ म्हणजे काहीही न घडणे. नवे उपकेंद्र उभारले तर ते डोळ्यांना दिसते, त्याचे उद्घाटन होते, ताळेबंदात मालमत्ता म्हणून त्याची नोंद होते. शंभर मैल झाडे वेळेवर छाटली तर दिसत काहीच नाही. खर्च मात्र त्याच वर्षाच्या खात्यावर पडतो. उलटपक्षी, छाटणी एक वर्ष पुढे ढकलली तर त्या वर्षी बहुधा काहीही बिघडत नाही. दुसऱ्या वर्षीही बिघडत नाही. व्यवस्थापकाची वाहवा होते, नफा वाढतो किंवा तोटा घटतो. झाड मात्र चक्रवाढ व्याजासारखे निमूटपणे वाढत राहते आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी ही सारी उधारी एकदम वसूल करते. तोपर्यंत काटकसर करणारा व्यवस्थापक बढती घेऊन अन्यत्र गेलेला असतो.

सरकारी नियंत्रणाखालच्या वीजधंद्यात ही प्रवृत्ती अधिकच बळावते. हार्वे ॲव्हर्च आणि लेलंड जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये दाखवून दिले की, गुंतवलेल्या भांडवलाच्या प्रमाणात ज्या कंपन्यांचा परतावा ठरवून दिला जातो, त्यांचा ओढा गरजेपेक्षा अधिक भांडवल गुंतवण्याकडे राहतो. नव्या मनोऱ्यावर परतावा मिळतो. फांदी तोडण्याच्या मजुरीवर तो मिळत नाही. दोन दरनिश्चितींच्या दरम्यान मजुरीत वाचवलेला पैसा मात्र सरळ नफ्यात जमा होतो. अशा स्थितीत छाटणीच्या खर्चाला पहिली कात्री लागली तर त्यात नवल ते काय? सार्वजनिक क्षेत्रात नफ्याचा मोह नसला तरी उद्घाटनाचा असतो. परिणाम तोच.

यंत्राचा हिशेब

हेलिकॉप्टरची करवत ही याच हिशेबातून जन्मलेली वस्तू आहे. ताशी खर्च पाहिला तर हेलिकॉप्टरइतके महागडे साधन क्वचितच सापडेल. पण अमेरिकेत मजुरी महाग आहे, वाहिन्या शेकडो मैल निर्मनुष्य प्रदेशातून जातात, आणि मैलामागे खर्च काढला की तेच महागडे साधन स्वस्त ठरते. तंत्राची निवड ही श्रम व भांडवल यांच्या सापेक्ष किमतींवर अवलंबून असते, हा अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असलेला सिद्धांत येथे अचूक लागू पडतो. शिवाय न्यायबुद्धीने हेही मान्य केले पाहिजे की, झाडावर चढून तारेजवळ करवत चालवणे हे अत्यंत धोक्याचे काम आहे. हेलिकॉप्टरमुळे अनेक माणसे त्या धोक्यातून सुटतात.

तथापि कंपनीच्या वहीत जो खर्च दिसतो तोच समाजाचा खर्च नव्हे. ॲलेक्स शायगो या अमेरिकी वनखात्यातील शास्त्रज्ञाने हजारो झाडे चिरून अभ्यासली आणि झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही, हे १९७० च्या दशकात सप्रमाण मांडले. झाड जखमेभोवती जणू भिंत बांधून कूज तेथेच रोखू पाहते. फांदी जेथून फुटते तेथील फुगवट्याच्या लगत बाहेरच्या बाजूने नेमका काप घेतला तरच ही भिंत नीट बांधली जाते. आकाशातून लोंबणाऱ्या करवतीला फांदीचा फुगवटा दिसत नाही. ती एका सरळ रेषेत जे येईल ते कापत जाते. मागे खुंट राहतात, साल फाटते, कूज शिरते आणि खुंटांतून दाट, कमकुवत धुमारे फुटतात. ते झपाट्याने पुन्हा तारेकडे झेपावतात आणि काही वर्षांतच करवतीला पुन्हा बोलावणे धाडावे लागते. म्हणजे मैलामागे स्वस्त पडणारे काम तीस वर्षांच्या हिशेबात तितके स्वस्त उरत नाही.

धोक्याचेही तसेच. अनेकांचा धोका कमी होतो, पण एका वैमानिकाच्या वाट्याला तो एकवटून येतो. जमिनीपासून थोड्या उंचीवर, तारांच्या शेजारी, शंभर फुटांचे ओझे टांगून तासन्‌तास उडणे म्हणजे चुकीला जागाच न ठेवणे होय. अशा कामात हेलिकॉप्टर कोसळून वैमानिक दगावल्याचे अपघात अमेरिकेत घडलेले आहेत. वाहिनीलगतच्या जमीनमालकाला होणारा त्रास, त्याची बिथरणारी गुरे, कुंपणावर पडणाऱ्या फांद्या यांचा हिशेबही कंपनीच्या मैलामागच्या खर्चात सहसा धरलेला नसतो.

दंडाचा एकेरी न्याय

२००३ च्या अंधारानंतर अमेरिकी संसदेने २००५ मध्ये ऊर्जाधोरणाचा कायदा केला. तोपर्यंत ऐच्छिक असलेले विश्वसनीयतेचे निकष जून २००७ पासून सक्तीचे झाले. झाडांच्या व्यवस्थापनाचा निकष त्यांतच आला आणि उल्लंघनाबद्दल दररोज दहा लाख डॉलरांपर्यंत दंडाची तरतूद झाली. याचा परिणाम झाला, हे नाकारता येणार नाही. मोठ्या वाहिन्यांच्या पट्ट्यात झाड वाढून होणारे बिघाड अत्यंत विरळ झाले. जे काम वर्षानुवर्षांच्या विनंत्यांनी होत नव्हते, ते दंडाच्या भयाने झाले.

पण दंड एकाच बाजूला ठेवला की तराजू दुसऱ्या बाजूला कलतो. झाड राहिले तर दंड आणि विनाकारण तोडले तर काहीच नाही, अशी स्थिती असताना शहाणा व्यवस्थापक काय करील हे सांगावयास ज्योतिषी नको. टेनेसी खोरे प्राधिकरण हे नाव भारतीय वाचकाला अपरिचित नाही. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या दामोदर खोरे निगमाचा आदर्श तेच होते. या प्राधिकरणाने पंधरा फुटांहून उंच वाढू शकणारे कोणतेही झाड आपल्या वाहिन्यांच्या पट्ट्यात राहू द्यावयाचे नाही असे धोरण अंगीकारले. तारेला ज्या झाडाचा कधीही उपद्रव होणार नव्हता तेही जाणार, हे पाहून तेथील नागरिकांनी २०१२ मध्ये न्यायालयाचे दार ठोठावले आणि २०१७ मध्ये न्यायालयाने पर्यावरणीय परिणामांचा रीतसर अभ्यास होईपर्यंत या धोरणाला मनाई केली. दुर्लक्ष आणि अतिरेक ही दोन टोके परस्परविरुद्ध दिसतात; परंतु झाडाझाडांत भेद करण्यासाठी लागणारी नजर आणि सवड यांवर खर्च करावयाचा नाही, या एकाच वृत्तीची ती दोन रूपे आहेत.

शिवाय हा सक्तीचा निकष मुख्यतः २०० किलोव्होल्ट व त्यावरील वाहिन्यांपुरता होता. गावोगाव वीज पोचवणाऱ्या लहान वाहिन्या त्याबाहेर राहिल्या. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ ए. सी. पिगू यांनी १९२० मधील आपल्या ग्रंथात खासगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील तफावत समजावताना रेल्वे इंजिनाच्या ठिणग्यांनी लगतच्या वनांचे होणारे व भरपाई न मिळणारे नुकसान हे उदाहरण दिले होते. जवळजवळ शंभर वर्षांनी कॅलिफोर्नियात ते अक्षरशः साकार झाले; इंजिनाची जागा तेवढी विजेच्या तारेने घेतली. ऑक्टोबर २०१७ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात लागलेल्या अनेक वणव्यांचे मूळ झाडे आणि वीजतारा यांच्या संपर्कात असल्याचे तेथील अग्निशमन खात्याच्या तपासात निष्पन्न झाले. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या कंपनीने वणव्यांच्या नुकसानभरपाईच्या बोजाखाली जानेवारी २०१९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जोराचा वारा सुटला की लाखो ग्राहकांची वीज आधीच तोडून ठेवण्याची पाळी तिच्यावर आली. २०२१ मध्ये तिच्याच तारेवर झाड पडून लागलेला डिक्सी वणवा ९,६३,००० एकरांवर पसरला. छाटणीत वाचवलेले डॉलर अशा रीतीने जळालेल्या घरांतून, वाढलेल्या वीजदरांतून आणि नष्ट झालेल्या अरण्यातून तीनदा वसूल झाले. आणि ते ज्यांनी वाचवले त्यांच्याकडून नव्हे.

झुडपांची भिंत

झाड हवे की वीज, असा हा झगडा अटळ आहे काय? पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका दीर्घ प्रयोगाने या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी दिले आहे. वाहिन्यांखाली तणनाशके फवारली जाऊ लागली तेव्हा हरणे आणि पाखरे यांचे काय होणार, अशी चिंता तेथील शिकाऱ्यांनी व्यक्त केली. त्यातून १९५३ मध्ये एका वाहिनीच्या पट्ट्यात निरीक्षणे सुरू झाली. विल्यम ब्रॅम्बल आणि विल्यम बर्न्स या संशोधकांनी ती दशकानुदशके चालवली आणि त्यांच्यानंतरही ती पुढे चालू राहिली. त्यांचा निष्कर्ष असा की, सरसकट तोड करण्याऐवजी उंच वाढणाऱ्या जातींची रोपे तेवढी निवडून काढली आणि गवत, नेचे व बुटकी झुडपे राखली, तर झुडपांचे दाट आच्छादन तयार होते आणि नव्या झाडांना तेथे सहजासहजी मूळ धरता येत नाही. तारांच्या थेट खाली गवत व बुटकी वनस्पती, कडेच्या पट्ट्यात झुडपे आणि त्यापलीकडे अरण्य, अशी उतरंड करता येते. हरणांना चारा मिळतो, पाखरांना आसरा मिळतो आणि वर्षागणिक कामाची व रसायनांची गरज घटत जाते.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर ही छाटणी खर्च न राहता गुंतवणूक बनते. परंतु तिला दोन गोष्टी लागतात. एक, रोप ओळखणारा प्रशिक्षित माणूस. आणि दुसरी, दहा-वीस वर्षे वाट पाहण्याची तयारी. दरवर्षी सर्वांत कमी बोलीच्या ठेकेदाराला काम देणाऱ्या व्यवस्थेत या दोन्ही गोष्टी दुर्मीळ असतात. हेलिकॉप्टरची करवत वार्षिक हिशेबाची सोयरी आहे. झुडपांची भिंत पिढीच्या हिशेबाची.

कोयत्याचे अर्थशास्त्र

महाराष्ट्रात या साऱ्याचा विचार कशासाठी, असे कोणी विचारील. येथे करवत टांगलेली हेलिकॉप्टरे फिरत नाहीत. येथे एप्रिल-मे महिन्यांत पावसाळ्यापूर्वीची देखभाल म्हणून वीज काही तास बंद ठेवली जाते आणि लाइनमन व त्याच्या जोडीचे कंत्राटी कामगार शिडी, कोयता, कुऱ्हाड आणि दोर घेऊन निघतात. साधन वेगळे आहे, परंतु हिशेब तोच आहे.

मजुरी स्वस्त असल्यामुळे येथे कोयता परवडतो, यात वावगे काही नाही. मात्र मजुरी स्वस्त असणे आणि मजुराचा जीव स्वस्त धरला जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वाहिनी खरोखरच बंद आहे याची खातरजमा, तिची जमिनीशी जोडणी, सुरक्षापट्टा, हातमोजे, आणि उंचावर काम करण्यासाठी यांत्रिक शिडीची गाडी या गोष्टींवरचा खर्च टाळला जातो, तेव्हा कोयत्याचा स्वस्तपणा कामगाराच्या घरच्यांनी भरलेल्या अदृश्य अनुदानावर उभा राहतो. तो खर्च हिशेबात धरला तर महागडे हेलिकॉप्टर आणि असुरक्षित कोयता यांच्या मधले साधन, म्हणजे प्रशिक्षित हात आणि सुरक्षित शिडी, हेच येथील परिस्थितीत सर्वांत किफायतशीर ठरेल.

कायद्याने या प्रश्नाचा विचार केलेला नाही असे नव्हे. २००३ च्या वीज अधिनियमाच्या ६८ व्या कलमानुसार वाहिनीला अडथळा करणारे झाड कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने काढता येते. आणि झाड वाहिनीच्या आधीपासून उभे असेल तर त्याच्या मालकाला वाजवी भरपाई देण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. आधी कोण आले, झाड की तार, हा प्रश्न कायद्याने महत्त्वाचा मानला, हे योग्यच झाले. कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागाईतदाराला एका झाडाची किंमत काय असते, ते शहरातल्या कचेरीत बसून उमगत नाही. दुसरीकडे, नागरी भागांत १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमाचे बंधन आहे. दोन्ही कायदे आपापल्या जागी रास्त आहेत. परंतु त्यांची अंमलबजावणी करणारी दोन कार्यालये एकमेकांशी बोलत नसतील, तर वर्षभर फांदीला हात लागत नाही आणि पावसाच्या तोंडावर घाईघाईने अर्धे झाड उतरवले जाते.

याहून विचित्र प्रकार वृक्षारोपणाचा. जुलै महिन्यात मोठ्या उत्साहाने गुलमोहराची आणि पर्जन्यवृक्षाची रोपे रस्त्याकडेला, थेट तारांखाली लावली जातात. दहा वर्षांनी त्याच झाडांचा शेंडा दर मे महिन्यात तोडण्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च होतो. तारांखाली तगर, कामिनी, कढीपत्ता, जास्वंद यांसारखी बुटकी झाडे लावली आणि मोठ्या वृक्षांना तारांपासून दूर मोकळी जागा दिली, तर पेनसिल्व्हेनियातल्या प्रयोगाचेच तत्त्व फारसा खर्च न करता येथे अमलात येईल. वीजखाते आणि नगरपालिका यांनी एका नकाशावर बसून हे ठरवावयाचे आहे; त्याला परदेशी तंत्रज्ञान लागत नाही.

निसर्ग चक्रीवादळाने ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याला जो तडाखा दिला, त्यापुढे कोणतीही छाटणी पुरी पडली नसती, हे खरे. अनेक गावांनी पुढे कित्येक दिवस अंधारात काढले. पण वादळाच्या नावावर दरवर्षीच्या वळवाच्या सरीचा अंधार खपवला जाऊ नये. वादळ हे संकट आहे. पहिल्या पावसात जाणारी वीज ही बहुधा मागील वर्षी वाचवलेल्या पैशांची पावती असते.

या दृष्टीने एक मागणी प्रामुख्याने पुढे यावयास हवी. राज्य विद्युत मंडळाचे २००५ मध्ये विभाजन झाल्यानंतर पारेषण आणि वितरण यांच्या कंपन्या वेगळ्या झाल्या. दरांवर विद्युत नियामक आयोगाची देखरेख आहे. देखभालीचा खर्च आयोगापुढे एकत्रित आकड्यात मांडला जातो तेव्हा त्यातील झाडांच्या छाटणीचा वाटा किती, तो खरोखर त्याच कामी लागला की नाही, आणि ज्या विभागात तो लागला नाही तेथे बिघाड किती वाढले, हे सामान्य ग्राहकाला कळत नाही. हा वाटा स्वतंत्र शीर्षाखाली दाखवला जावा, तो अन्य कामाकडे वळवता येऊ नये आणि त्याचा विभागवार अहवाल दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. अमेरिकेने सक्तीचा निकष आणला तो पाच कोटी लोक अंधारात बुडाल्यानंतर. महाराष्ट्राला तितकी महाग शिकवणी लावण्याची आवश्यकता नाही.

हेलिकॉप्टरची करवत उद्या सह्याद्रीच्या एखाद्या घाटात दिसली तर लोक माना वर करून तिच्याकडे पाहतील. ती यावी की न यावी, हे त्या त्या ठिकाणच्या खर्चाचा पुरा हिशेब मांडून ठरवता येईल आणि त्यात भाबडे कौतुक किंवा आंधळा विरोध यांपैकी कशाचीच गरज नाही. मात्र तो पुरा हिशेब मांडताना झाडाची जखम, कामगाराचा जीव आणि ग्राहकाचा अंधार या तिन्हींना वहीत जागा मिळाली पाहिजे. ती मिळेपर्यंत हातातला कोयता काय आणि आकाशातली करवत काय, दोन्ही केवळ थकलेल्या कर्जाच्या वसुलीला आलेले कारकून ठरतील. आणि वसुली मात्र नेहमी ज्याने कर्ज काढले नाही त्याच्याच दारी होत राहील.